शिष्यवृत्तीच्या अर्जामागचं गणित

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ‘अमेरिकेत काळ्या मुलांना कॉलेज फुकट असतं’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांच्या घरी तर ते हमखास ऐकू येतं. ऐकणारा मान डोलावतो, कारण शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे समाजकल्याण खातं उभं राहतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि आता ‘महाडीबीटी’चं पोर्टल. शासनाची एक योजना असते, तिचे ठरलेले निकष असतात, आणि निकषात बसणाऱ्याला पैसे मिळतात. उशिरा मिळतात, पण मिळतात.

अमेरिकेतला प्रकार अगदी वेगळा आहे. तिथलं केंद्र सरकार केवळ वर्ण पाहून कुणाचीही फी भरत नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी म्हणून जो पैसा आहे, तो शेकडो लहानमोठ्या खिशांतून येतो: न्यास, चर्च, माजी विद्यार्थी, कंपन्या, महिला मंडळं, खेळाडूंच्या नावाचे निधी. प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि तारीखही वेगळी. सतरा वर्षांच्या मुलीने बारावीचा अभ्यास सांभाळून हे सगळं शोधायचं, लिहायचं आणि वेळेत पोहोचवायचं असतं. हे कसं चालतं आणि त्यात काय पणाला लागलेलं असतं, ते आज पाहू.

महाराष्ट्राला या विषयाचं अगदीच वावडं असण्याचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते विद्यापीठ हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागूनच आहे. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्युबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं. आणखी एक योगायोग सांगतो. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली १९४४ साली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘युनायटेड निग्रो कॉलेज फंड’ स्थापन झाला. पहिली सरकारने दिली, दुसऱ्याला वर्गणी गोळा करावी लागली. पुढचा सगळा फरक या एका गोष्टीतून आलेला आहे.

तो फंड कसा निघाला, हे ऐकण्यासारखं आहे. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती त्या काळात कृष्णवर्णीयांनी स्वतःची कॉलेजं चालवली. हॉवर्ड आणि मोरहाउस १८६७ची, स्पेलमन आणि टस्कीगी १८८१ची. आज अशी शंभरएक कॉलेजं आहेत. पण त्यांच्या तिजोऱ्या कायम रिकाम्या. प्रत्येक प्राचार्य झोळी घेऊन उत्तरेकडच्या त्याच त्या श्रीमंतांच्या दारात उभा राहायचा. टस्कीगीचे प्रमुख फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४३ साली वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सुचवलं की वेगवेगळं मागण्यापेक्षा सगळे मिळून मागू या. दुसऱ्या वर्षी २७ कॉलेजं एकत्र आली आणि फंड उभा राहिला.

मग सरकार काहीच देत नव्हतं का? देत होतं, पण कसं ते पाहा. दक्षिणेकडची काही राज्यं कृष्णवर्णीय पदवीधरांना खास पैसे द्यायची. कशासाठी, तर त्यांनी शेजारच्या राज्यात जाऊन शिकावं आणि आपल्या विद्यापीठाची पायरी चढू नये म्हणून! लॉइड गेन्स नावाच्या तरुणाला मिसुरी विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घ्यायचं होतं. राज्य म्हणालं, बाहेर कुठेही जा, फी आम्ही भरतो. गेन्सने ते नाकारलं आणि तो न्यायालयात गेला. १२ डिसेंबर १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परराज्यातली फी भरून समान वागणुकीची जबाबदारी झटकता येणार नाही. राज्याने आपल्या हद्दीतच सोय केली पाहिजे. निकाल गेन्सच्या बाजूने लागला, पण मार्च १९३९ मध्ये तो शिकागोतून नाहीसा झाला आणि त्याचं पुढे काय झालं, हे आजवर कळलेलं नाही. ‘कृष्णवर्णीयांसाठी खास शिष्यवृत्ती’ या शब्दांचा इतिहास असाही आहे. दार उघडणारा पैसा वेगळा, आणि दारातून परत पाठवणारा वेगळा. मिसुरी हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

नावाजलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी दोन-तीन सांगतो. जॅकी रॉबिन्सन हा १९४७ साली अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारा खेळाडू. तो १९७२ मध्ये वारला आणि दुसऱ्याच वर्षी पत्नी रेचल यांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. पैशांबरोबर चार वर्षं मार्गदर्शन करणारा वडीलधारा माणूस मिळतो, ही तिथली खरी मिळकत. रॉन ब्राउन हे पहिले कृष्णवर्णीय वाणिज्यमंत्री १९९६ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती वर्षाला १० हजार, म्हणजे चार वर्षांत ४० हजार डॉलर देते. सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्या नावाचा निधी १९८७ पासून सरकारी कृष्णवर्णीय कॉलेजांसाठी आहे. या मोठ्या नावांसाठी देशभरातून अर्ज येतात आणि निवडले जाणारे थोडेच असतात.

म्हणून जाणते शिक्षक विद्यार्थ्याला आधी गावातल्या पाचशे, हजार डॉलरच्या शिष्यवृत्त्यांकडे पाठवतात. चर्चचा निधी असतो, कामगार संघटनेचा असतो, आईच्या कंपनीचा असतो. कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांच्या मोठ्या संघटना आहेत. त्यांतली अल्फा कप्पा अल्फा ही १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. त्यांच्या गावोगावच्या शाखा आपापल्या भागातल्या मुलींना मदत करतात. अशा ठिकाणी अर्ज करणारे थोडे असतात. हजार डॉलर कमी वाटतात, पण एका सत्राची पुस्तकं, बसभाडं आणि थोडा किराणा त्यात निघतो. आपल्याकडेही ज्ञातीच्या न्यासांकडे अर्जच येत नाहीत, असं विश्वस्त सांगत असतात, तसंच हे.

आता अर्जाकडे वळू. सगळ्याची सुरुवात होते ती ‘फॅफ्सा’ नावाच्या सरकारी अर्जाने. हा अर्ज सगळ्यांसाठी असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यात घरचं उत्पन्न, माणसं, बचत यांची माहिती द्यायची, आणि आईवडिलांनी आयकर खात्याकडून आकडे घेण्यास संमती द्यायची. ती संमती राहिली तर अर्ज तिथेच अडतो. त्यात वंशाबद्दल एक प्रश्न असतो, पण मदत किती मिळणार याच्याशी त्या उत्तराचा संबंध नसतो. अर्ज साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. नवा, सुटसुटीत अर्ज आणताना मात्र मोठा घोळ झाला. २०२४-२५ या वर्षासाठीचा अर्ज डिसेंबर २०२३च्या अखेरीस उघडला आणि त्यानंतरही महिनोन्‌महिने अडखळत राहिला. ज्यांच्या घरी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, अशांना त्याचा फटका जास्त बसला. कारण मदत किती मिळणार हे कळल्याशिवाय कॉलेज निवडायचं कसं?

फॅफ्सातून गरीब घरच्या मुलाला ‘पेल’ अनुदान मिळतं. त्याची कमाल रक्कम २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांत ७,३९५ डॉलर होती. हे परत फेडायचं नसतं. बहुतेक खासगी शिष्यवृत्त्याही विचारतात की फॅफ्सा भरला का, पेलला पात्र आहात का. इथेच एक सांगून टाकतो. फॅफ्सा अमेरिकेचे नागरिक, तिथले कायम रहिवासी आणि आणखी काही ठरावीक गटांसाठी आहे. इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या आपल्या योजना आहेत.

फॅफ्सानंतर खासगी अर्ज. त्यांत गुणपत्रिका लागते, शिफारसपत्रं लागतात आणि लागतो निबंध. आपल्या श्रोत्यांना गंमत वाटेल ती इथे. तुम्ही कृष्णवर्णीय आहात याचा दाखला देणारं कुठलंही तहसील कार्यालय तिकडे नाही. वैधता समिती नाही, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नाही. विद्यार्थी स्वतःच चौकटीत खूण करतो. त्यामुळे दाखल्याचं ओझं नाही हे खरं, पण ते सगळं ओझं निबंधावर येऊन पडतं. मी कोण, कुठून आलो, काय केलं, पुढे काय करणार, हे पाचशे शब्दांत सांगायचं. आपल्याकडे कारकून कागद तपासतो. तिकडे एक अनोळखी समिती तुमची गोष्ट वाचते. यातलं कुठलं जास्त अवघड, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते दुसरं.

कारण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. दुःख किती दाखवायचं? वाचणाऱ्याला दया यावी म्हणून मूल आपल्या घराचे हाल रंगवून लिहायला लागतं. अनुभवी मार्गदर्शक सांगतात की तसं करू नका. वडिलांची नोकरी गेली, हे एका वाक्यात पुरे. त्यानंतर तुम्ही काय केलंत ते लिहा. शनिवार-रविवारी किराणा दुकानात काम केलं, धाकट्या भावाचं गणित घेतलं, मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या वेळा वाढवून घेतल्या. समितीसमोर शेकडो निबंध असतात. ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे प्रत्येकात असतं. कुठल्या वारी, कुठल्या ठिकाणी, किती मुलांना शिकवलं, हे थोड्यांतच सापडतं.

शिफारसपत्राबद्दलही असंच. ज्या शिक्षकांनी ‘अ’ श्रेणी दिली त्यांच्यापेक्षा, ज्यांनी आपल्याला धडपडताना पाहिलं ते शिक्षक चांगलं पत्र लिहितात. त्यांना किमान तीन-चार आठवडे आधी सांगावं, आणि सांगताना आपल्या कामांची एक पानभर टिपणं हातात द्यावीत. तिकडच्या अनेक सरकारी शाळांत एका समुपदेशकाकडे तीन-चारशे मुलं असतात. आदल्या रात्री मागितलेलं पत्र कसं येणार?

एकच निबंध सगळीकडे पाठवता येतो का? येतो, पण सांधा बदलावा लागतो. शहाणी मुलं दोन-तीन चांगले निबंध तयार ठेवतात आणि प्रत्येक संस्थेचा प्रश्न वाचून त्यांतला योग्य तो घेऊन दुरुस्त करतात. युनायटेड निग्रो कॉलेज फंडाकडे एकदा माहिती भरली की त्यांच्या अनेक शिष्यवृत्त्यांसाठी ती वापरता येते. त्यांतल्या काही त्यांच्या सभासद कॉलेजांपुरत्या आहेत, काही कुठल्याही कॉलेजात चालतात. मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या तारखा बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत, गावातल्यांच्या मार्च-एप्रिलमध्ये. आणि जो शिष्यवृत्ती ‘हमखास’ मिळवून देतो म्हणून आधी फी मागतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. असे भामटे तिकडेही भरपूर आहेत.

आता मिसुरीकडे परत येऊ. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्यास मनाई केली. निकाल प्रवेशाबद्दल होता, शिष्यवृत्तीबद्दल नव्हता. पण त्याच दिवशी मिसुरी राज्याच्या महाधिवक्त्यांनी विद्यापीठांना पत्र लिहून शिष्यवृत्त्यांतलाही वंशाचा निकष थांबवायला सांगितलं, आणि मिसुरी विद्यापीठाने त्याच दिवशी ते मान्य केलं; आधी दिलेल्या शिष्यवृत्त्या तेवढ्या पाळल्या. ज्या विद्यापीठाने पैसे घ्या पण येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेच ८५ वर्षांनी म्हणालं की या, पण त्या नावाचे पैसे नाहीत.

ही वाट अगदी नवी नव्हती. मेरीलँड विद्यापीठात बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय खगोलशास्त्रज्ञाच्या नावाची, फक्त कृष्णवर्णीयांसाठीची शिष्यवृत्ती होती. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तिची अट रद्द केली. पुढे ती दुसऱ्या एका शिष्यवृत्तीत मिसळून सगळ्यांना खुली झाली. बॅनेकरचं नाव राहिलं, अट गेली. आज अनेक ठिकाणी हेच घडतंय. गेट्स प्रतिष्ठानाची मोठी शिष्यवृत्ती अल्पसंख्य वंशांच्या गरीब मुलांसाठी होती. २०२५ मध्ये वंशाची अट काढून ती पेलला पात्र असणाऱ्या सगळ्यांना खुली केली. केंद्रीय शिक्षण खात्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये वंशावर आधारित शिष्यवृत्त्या बेकायदा ठरवणारं पत्र कॉलेजांना पाठवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडच्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी ते रद्द केलं. पण तोवर कित्येक कॉलेजांनी घाबरून आपल्या याद्या बदललेल्या होत्या.

खासगी न्यासांना तरी मोकळीक आहे का? त्यांच्याविरुद्ध वापरला जातो तो १८६६चा नागरी हक्क कायदा. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना गोऱ्यांइतकेच करार करण्याचे हक्क मिळावेत म्हणून केलेला कायदा! वकिलांचं कसब म्हणावं की काळाचा विनोद, कळत नाही.

मग विद्यार्थ्याने काय करायचं? पहिलं म्हणजे गेल्या वर्षीची यादी पाहून बसायचं नाही. प्रत्येक संस्थेची या वर्षीची अट वाचायची. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द गेला असेल, पण त्या जागी ‘घरातली पहिली कॉलेजात जाणारी व्यक्ती’, ‘अमुक मोहल्ल्यातली शाळा’, ‘पेलला पात्र’ असे शब्द आले असतील, तर अर्ज जरूर करायचा. आणि दुसरं, निबंध. २०२३च्या निकालातच सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांनी नमूद केलं आहे की वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने सांगायला आणि विद्यापीठाने ते व्यक्तीचा अनुभव म्हणून विचारात घ्यायला हरकत नाही. म्हणजे चौकटीतली खूण गेली तरी गोष्ट सांगण्याची जागा शिल्लक आहे.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारील. उत्तर कर्जात आहे. २०१६ साली ब्रुकिंग्ज संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की पदवी घेतानाच कृष्णवर्णीय पदवीधराच्या डोक्यावर गोऱ्या पदवीधरापेक्षा सरासरी ७,४०० डॉलर जास्त कर्ज असतं, आणि चार वर्षांनी ही तफावत सुमारे २५ हजारांवर जाते. व्याज साचतं, पुढच्या शिक्षणासाठी आणखी कर्ज निघतं, आणि मागे आजोबांचं घर किंवा जमीन नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी सरकारने जी मदत दिली, तिच्यातून कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या प्रमाणावर बाहेर राहिले. त्याची किंमत नातवंडं हप्त्यांनी फेडताहेत.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजचं मदतपत्र हाती पडतं, तेव्हा ते हिशेबनीसासारखं वाचायला हवं. एक उदाहरण घेऊ. समजा, वर्षाचा खर्च ३२ हजार डॉलर. पेल ७,३९५, कॉलेजचं स्वतःचं अनुदान १२ हजार, सरकारी कर्ज ५,५०० आणि कॉलेजातच काम करून मिळायचे २,५००. बेरीज २७,३९५. पत्रावर हे सगळे आकडे ‘मदत’ या एकाच मथळ्याखाली असतात, पण त्यातलं कर्ज हे कर्जच असतं. तरीही ४,६०५ कमी पडतात. आता या मुलीने महिनाभर राबून पाच हजारांची बाहेरची शिष्यवृत्ती मिळवली. प्रश्न सुटला? नाही. कॉलेज म्हणू शकतं, तुला बाहेरून पाच हजार मिळाले, मग आमचं अनुदान बारावरून सात हजार. मुलगी होती तिथेच! एकूण मदत गरजेपेक्षा जास्त होऊ नये असा सरकारी नियम आहे, पण कात्री आधी कशाला लावायची हे बरंचसं कॉलेजच्या हातात असतं. कर्जाला लावली तर मुलीचा फायदा, अनुदानाला लावली तर कॉलेजचा. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं अनुदान कापण्यास आळा घातला, पुढे आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. बाकी ठिकाणी विचारावं लागतं, आणि ते प्रवेश पक्का करण्याआधी. आर्थिक मदत कार्यालयाला सरळ लिहायचं: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी काय कमी करता? उत्तर लेखी मागायचं.

उरलेली रक्कम भरायला आईवडिलांच्या नावावर निघणारं सरकारी कर्ज असतं. कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या अनेक घरांची भिस्त त्यावरच होती. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी त्याला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा घातली. जास्त कर्जात बुडू नये हा हेतू असेलही, पण तो खड्डा आता शिष्यवृत्तीनेच भरायचा आहे.

आणखी एक राहिलं. शिष्यवृत्ती एका वर्षापुरती आहे की चार वर्षांची, आणि टिकवायला किती गुण लागतात, हे पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत असतं. पहिल्या सत्रात नवं गाव, नवी भाषा, रात्रीची नोकरी यांत गुण घसरले तर दुसऱ्या वर्षी पैसे थांबतात. फॅफ्साही दरवर्षी नव्याने भरावा लागतो. तेव्हा पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरात, सहामाहीचे पेपर तोंडावर असताना, ही मुलगी पुन्हा आईला फोन करून विचारणार: गेल्या वर्षीच्या आयकराच्या संमतीचं झालं का?